ठिपक्याची रुंदी

"पोरी, जरा वर ये," असं अलुईझिओ सर जिन्याच्या माथ्यावरून म्हणाले आणि नेइवा वळली. ती तास घ्यायला खाली चालली होती. हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता आणि तोंडात चीजच्या गरम पावाचा शेवटचा घास. घास तसाच गालात दाबून ती वळली, हसली, एक-दोन पायऱ्या चढूनही गेली. तेवढ्यात खालून आलेली जुसारा तिच्या खांद्याला खांदा घासत पुढे झाली, "आले सर," म्हणाली, आणि दोघं बोलत बोलत वरच्या पॅसेजमधून प्रयोगशाळेकडे निघून गेली. सरांनी नेइवाकडे पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं, पण कठड्याकडे पाहावं तसं. ती तिथेच उभी राहिली. गालातला घास आता गिळवेना. जिन्यावरून एक विद्यार्थी तिला वळसा घालून गेला आणि "नमस्कार मॅडम" म्हणाला, तेव्हा आपण अजून हसतोच आहोत हे तिच्या लक्षात आलं.

तासभर ती फळ्यावर समीकरणं लिहीत होती आणि कानात तो शब्द होता. मिनास प्रांतातल्या लोकांना शब्द अर्धे गिळायची सवय. सर तर 'पोरी' एवढासा शब्दही धड पुरा करत नसत, दुसरं अक्षर घशातच विरून जायचं. ते अर्धवट 'पो…' नेइवाचं होतं. मोन्तेस क्लारोसहून बसने बेलो ओरिझोन्तेला आलेल्या, कुणाच्याही ओळखीच्या नसलेल्या मुलीला सरांनी पहिल्या आठवड्यात चिकटपट्टीचा तुकडा दिला होता, त्यावर काळपट चमकणारा स्फटिकाचा कपचा, आणि म्हणाले होते, "पोरी, पट्टी दुमड, उकल, पुन्हा दुमड. घाई केलीस की फाटेल." दुमडता उकलता स्फटिक विरळ होत जाई, आणि मग पट्टी काचेसारख्या गुळगुळीत चकतीवर दाबून अगदी सावकाश ओढायची. सूक्ष्मदर्शकाखाली त्या चकतीवर शेकडो तुकडे पसरलेले दिसत, जाडजूड, निळे, पिवळे, कचऱ्यासारखे. आणि त्यांत कुठेतरी एखादा पापुद्रा असे, तीन अणूंच्या जाडीचा, इतका फिका की तिथे काही आहे असं वाटूही नये. सर खांद्यामागून वाकून बघत. काही बोलत नसत. नेइवाचं बोट पडद्यावरच्या बरोबर जागी थांबलं की त्यांच्या नाकातून एक छोटा श्वास सुटे. त्या श्वासासाठी तिने कितीएक सुट्ट्या प्रयोगशाळेत काढल्या होत्या. आईला वाटायचं, पोरगी शहरात कुणाच्या तरी प्रेमात पडली आहे. तसं ते काही अगदीच खोटं नव्हतं, फक्त आईला जे वाटत होतं ते नव्हतं.

जुसारा दोन वर्षांपूर्वी आली. उत्तरेकडच्या बेलें शहराची, मधे जर्मनीत राहिलेली, मोठ्याने हसणारी. आल्या दिवसापासून तिने नेइवाला अगं-तूगं केलं. सुट्टीहून येताना घरच्या आंबटगोड फळांच्या वड्या आणायची आणि सगळ्यांना स्वतःच्या हाताने वाटायची. नेइवाने ती वडी दरवेळी कागदात गुंडाळून खणात टाकली आणि दरवेळी "छान होती" असं सांगितलं. जुसाराचं काम चांगलं होतं, हेच खरं दुखणं होतं. ती वाईट असती तर नेइवा तिच्याशी प्रेमाने वागली असती. गेल्या काही महिन्यांत तर सरांच्या खोलीचं दार सारखं लोटलेलं असे आणि आतून जुसाराचा आवाज येई, संथ, एका लयीत. एकदा नेइवा दारापाशी थबकली. आत जुसारा सरांना कुठलासा शोधनिबंध वाचून दाखवत होती. मधेच सर काहीतरी म्हणाले, जुसारा हसली, पुन्हा वाचू लागली. नेइवाला आपण लहानपणी स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली बसलो होतो ते आठवलं. आई मावशीच्या मुलीची वेणी घालत होती, गुणगुणत होती, आणि टेबलाखालून फक्त आईचे पाय दिसत होते, दुसऱ्याच मुलीच्या खुर्चीभोवती फिरणारे. तेव्हा जिथे दुखलं होतं तिथेच आता दुखलं. एवढ्या वर्षांत त्या जागेला काहीच झालं नव्हतं, ती जशीच्या तशी ओली होती.

घरी वाल्मीरला सगळं माहीत होतं. तो संगीतशाळेत बासरी शिकवायचा आणि बायकोच्या आवाजातला बारीकसा चढही त्याला ऐकू यायचा. घेवडा-भाताचं ताट पुढे ओढत तो म्हणाला, "काय म्हणते तुझी सवत?"

"कोण सवत?" नेइवा म्हणाली. "सहकारी आहे ती माझी."

"सहकाऱ्याचं नाव काढल्यावर कुणी असं लिंबू पिळत नाही."

तिने लिंबू खाली ठेवलं. मग न राहवून जिन्यावरचा प्रकार सांगितला, आणि सांगताना तो इतका क्षुल्लक वाटला की ती स्वतःवरच चिडली. वाल्मीर हसला नाही. त्याचं म्हणणं एवढंच की सर आता म्हातारे झाले, डिसेंबरात निवृत्त होतील, प्रयोगशाळा कुणाच्या तरी हाती द्यावीच लागेल. नेइवाला वाटलं, याला काहीच कळलेलं नाही. प्रयोगशाळा तिला नको होती असं नव्हे. पण प्रयोगशाळा जुसाराला देऊन सर तिला 'पोरी' म्हणाले असते तरी तिची झोप उडाली नसती. निदान तिला तसं वाटत होतं.

ऑगस्ट कोरडा चालला होता. विद्यापीठातल्या इपेच्या झाडांनी पानं गाळून नुसती पिवळी फुलं धरली होती. त्याच आठवड्यात जुसाराने तिचं मोठं काम गटापुढे मांडलं. तिने टंगस्टनच्या संयुगाचा एक पापुद्रा बोरॉन नायट्राइडच्या दोन पापुद्र्यांमध्ये बंद केला होता. असल्या पापुद्र्यावर लेझरचा प्रकाश पडला की आतला इलेक्ट्रॉन जागा सोडून वर उठतो आणि मागे रिकामी जागा राहते. इलेक्ट्रॉन आणि ती रिकामी जागा एकमेकांच्या ओढीने जोडीने फिरत राहतात. या जोडीलाच एक्सायटॉन म्हणायचं. थोड्या वेळाने इलेक्ट्रॉन आपल्या जागी परत पडतो आणि जोडी प्रकाशाचा एक कण होऊन संपते. जाड असताना मख्ख असणारा स्फटिक एकच पापुद्रा उरला की उजळतो तो यामुळे. पण लेझर वाढवला, जोड्यांची गर्दी झाली, की दोन जोड्या एकमेकींवर आदळतात आणि त्यांतली एक प्रकाश न देताच विझते. ही नासाडी कुणाला चुकलेली नव्हती. बंद पापुद्र्यात ती कमी होते हे सगळ्यांना ठाऊक होतं. जुसाराच्या आलेखात ती जवळजवळ नव्हतीच. कितीही गर्दी होवो, पापुद्रा उजळतच होता. विद्यार्थी आलेखाकडे बघत राहिले. सर पुढच्या बाकावर मान जराशी वाकडी करून बसले होते, पडद्याकडे कानाने बघत असल्यासारखे, आणि त्यांच्या नाकातून तो छोटा श्वास सुटला. नेइवा त्यांच्या मागेच बसली होती. तिने तो ऐकला.

त्या सभेनंतर जुसाराच तिच्याकडे आली. कॉफीच्या थर्मासपाशी, इतरांपासून जराशी दूर. निबंध पाठवण्याआधी तोच नमुना नेइवाने तिच्या स्वतःच्या यंत्रणेवर मोजावा अशी तिची विनंती होती. प्रकाश किती काळ टिकतो हे मोजणारी ती यंत्रणा नेइवाने एकेक आरसा बसवून उभी केली होती, अख्ख्या शहरात तशी दुसरी नव्हती. "आणि एक कर," जुसारा आवाज उतरवून म्हणाली. "जे काही निघेल ते आधी मला सांग. सभेत नको. आधी मला." नेइवाने मान हलवली. पण मनात तिने त्या वाक्याला वळसा घालून पाहिलं आणि त्यात तिला भीती दिसली. बाईला शंका आहे तर. मग नेइवा थर्मासमधली उरलेली कॉफी, गार झालेली असूनही, चवीने प्यायली.

पडदे ओढून अंधार केलेल्या खोलीत ती नमुन्यावर लेझर आणताना स्वतःशी प्रामाणिक होती. तिला तो आलेख खोटा ठरायला हवा होता, आणि तो खोटा ठरावा म्हणून ती काहीही वाकडं करणार नव्हती, उलट जास्तच काटेकोर राहणार होती. मत्सराने तिचे हात स्थिर झाले होते. लेझर मंद असताना पापुद्रा छान उजळला, तिलाही क्षणभर भरून आलं, कारण सुंदर गोष्ट कुणाचीही असली तरी डोळ्यांना ते कळत नाही. मग तिने लेझर हळूहळू वाढवला. आणि जिथे सगळ्या जगात जोड्या एकमेकींना विझवू लागतात, साधारण तिथेच त्या विझू लागल्या. बंद पापुद्र्यात जरा उशिरा, अपेक्षेप्रमाणे. चमत्कार वगैरे काही नव्हता. नेइवा खुर्चीत मागे टेकली. छातीत काहीतरी गोड आणि गरम पसरत गेलं, लहानपणी तापातून उठल्यावर सूप प्यावं तसं. तिने मोजणी पुन्हा केली. पुन्हा तेच.

चूक कुठे होती हे शोधायला तिला फार वेळ लागला नाही. गर्दी किती, हे लेझर किती मोठ्या ठिपक्यावर पडतो यावर ठरतं. ठिपका बारीक असेल तर गर्दी दाट. तोच ठिपका तुम्ही समजता त्याच्या दुप्पट रुंद असेल तर जोड्या चौपट जागेत पांगलेल्या असतात, एकमेकींना भेटतच नाहीत, आणि तुम्हाला वाटतं त्या गुण्यागोविंदाने नांदताहेत. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर, जुसाराने जिथे मोजलं होतं त्या सरांच्या प्रयोगशाळेत ती गेली, दाढीचं पातं किरणाच्या वाटेत आडवं सरकवत सरकवत तिने ठिपक्याची रुंदी मोजली. ठिपका बारीक नव्हता. फोकस हललेला होता, डोळ्याला सहज कळावा इतका. पडद्यावर ठिपक्याची कड स्पष्ट पसरट दिसत होती. पहिल्या वर्षाच्या मुलालाही दिसली असती. जर्मनीत हे शिकवतात का, असं तिच्या मनात आलं आणि ती एकटीच हसली. टेबलापाशी सरांची जुनी खुर्ची होती, पाठीवर स्वेटर टाकलेला. तिने जाता जाता स्वेटर नीट केला.

गुरुवारी जुसाराने तिला पॅसेजमध्ये गाठून विचारलं. काही निघालं का, काहीही. नेइवा म्हणाली, अजून पुरं झालेलं नाही. जुसाराने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, काहीतरी बोलायला ओठ उघडले, मग "बरं, पण आठवण आहे ना," एवढंच म्हणून ती सरांच्या खोलीत गेली. दार लोटलं गेलं. नेइवाला त्या दाराचा आवाज पाठीवर बसल्यासारखा लागला, आणि जो थोडा संकोच मनात उरला होता तोही संपला.

शुक्रवारी दुपारी सभेला मक्याचा केक होता, कुणाचा तरी वाढदिवस. नेइवाने बोलायला वेळ मागितला. ती हळू, सभ्य आवाजात बोलली, आवाज चढवायची तिला गरजच नव्हती. आधी तिचा आलेख, मग जुसाराचा, मग दाढीच्या पात्याने काढलेली रुंदी. "ठिपका मानला होता त्याच्या दुप्पट आहे," ती म्हणाली. "फोकस बिघडलेला आहे. हे पडद्यावर नुसतं बघितलं तरी दिसतं. बघायला हवं होतं." शेवटचं वाक्य तिने कागदावर लिहिलेलं नव्हतं. ते तोंडातून आपोआप आलं आणि आल्यावर तिला ते आवडलं. तिने जुसाराकडे पाहिलं. जुसारा तिच्याकडे बघतच नव्हती. ती सरांकडे बघत होती, आणि तिचा चेहरा चूक पकडली गेलेल्या माणसाचा नव्हता. एखाद्याच्या हातून भांडं पडताना दुरून दिसावं आणि पोचता येऊ नये, तसा होता.

"फोकस मी लावला होता," सर म्हणाले.

केकची ताटली कुणीतरी खाली ठेवली, तेवढाच आवाज झाला.

"जुसाराने नाही. मी तिला हात लावू दिला नाही. हट्ट माझा होता." सरांनी चष्मा काढला आणि स्वेटरला पुसला, जणू त्याने काही होणार होतं. "वर्ष झालं. डोळ्यांच्या मधोमध डाग आलाय, दोन्हींच्या. कडेचं दिसतं. ठिपका कुठे आहे ते मला समजतं, केवढा आहे ते नाही समजत. डिसेंबरपर्यंत रेटायचा बेत होता, पण डोळे जरा आधीच निवृत्त झाले." एकदोघं हसले, कारण सरांनी विनोद केला की हसायची पद्धत होती, आणि मग थांबले. "नेइवाचं मोजमाप बरोबर आहे. आकडे बदला. निबंध लहान होईल, पण खरा होईल. आता केक कापा."

केक कापला गेला. नेइवाने तुकडा हातात घेतला. तिच्या मनात एकदम काहीच नव्हतं. आणि मग सगळं एकाच वेळी आलं, लोटलेलं दार, संथ वाचणारा आवाज, वाकडी मान, जिन्यावरची ती नजर. नजर नव्हतीच ती. गेलं वर्षभर ती ज्या गोष्टींवर जळत होती त्यांतली एकेक आता तिच्यासमोर उलटी होऊन पडत होती, आणि तरी जळणं थांबत नव्हतं, उलट त्याला नवं सरपण मिळालं होतं. सरांनी सांगितलं तर जुसाराला सांगितलं. तिला का नाही?

हेच तिने खोली रिकामी झाल्यावर जुसाराला विचारलं. खरं तर माफी मागायला गेली होती.

जुसारा प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होती. "मला त्यांनी सांगितलं नाही," ती म्हणाली. "एकदा कॉफी कपाच्या बाहेर ओतताना मी त्यांना पाहिलं. मग लपवता आलं नाही. मी म्हणाले, नेइवाला सांगू या, तिची यंत्रणा आहे, ती गुपचूप सगळं नीट करून देईल. तर म्हणाले, तिला नको. तिला मी बघायला शिकवलंय."

नेइवाने हातातला केकचा तुकडा तसाच टेबलावर ठेवला.

"म्हणून म्हटलं होतं, आधी मला सांग." जुसाराने वायर खणात ठेवली. तिच्या आवाजात राग नव्हता, दमणूक होती. "तू मला काय समजतेस ते मला पहिल्या वडीपासून माहीत आहे. माझं काय जायचंय त्यात. पण त्यांना तू चांगली चापट दिलीस. बघायला हवं होतं म्हणालीस."

"मी ते तुला म्हणाले होते."

"हो ना. मला कळलं. त्यांना वाटलं असेल, त्यांनाच म्हणालीस."

मग जुसारा आकडे बदलायला बसली, कारण आकडे बदलायचे होते, आणि सरांना रोज संध्याकाळी बसपर्यंत सोडायचं काम तिचं असूनही नेइवाला म्हणाली, आज तू जा. उदारपणे म्हणाली की शिक्षा म्हणून, ते नेइवाला कळलं नाही. तिने सरांचा झोळा घेतला. लिफ्टमध्ये ती दोघं उभी होती तेव्हा सर आरशाकडे तोंड करून होते आणि आरशात तिला त्यांचे डोळे दिसत होते, तिच्या कानाच्या बाजूला कुठेतरी लावलेले. ती म्हणाली, सर, मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, माहीत होऊ नये अशीच व्यवस्था केली होती. मग थोड्या वेळाने म्हणाले, मोजणी फार स्वच्छ होती, पात्याची कल्पना चांगली. एखाद्या परक्या परीक्षकाने म्हणावं तसं म्हणाले. तिला ते लागलं, आणि लागलं म्हणून तिला बरंही वाटलं.

बाहेर इपेच्या मुळांनी फुटपाथचे दगड उचकटून टाकले होते. नेइवाने त्यांचा दंड धरला. स्वेटरच्या आतला दंड तिला वाटलं होतं त्याहून पुष्कळ बारीक होता. इथे दगड वर आलाय, ती सांगे, आणि ते पाय उचलत. इथे खड्डा आहे, डावीकडून. ते निमूट डावीकडे होत. एवढ्या वर्षांत ते पहिल्यांदाच तिच्या सांगण्यावर चालत होते. तिला लाज वाटायला हवी होती आणि ती वाटत होतीच, गालांपर्यंत. पण लाजेच्या बरोबरीने, तिला वेगळं करता येऊ नये अशी, एक खुशी चालत होती. आज हा हात माझ्या हातात आहे. उद्याही असेल, परवाही. त्यांना दिसेनासं होत जाईल तसतसा तो जास्त वेळ असेल. हा विचार तिने केला नाही, तो तिच्या आत होऊन गेला, आणि होऊन गेल्यावर तिने तो परत पाहिला तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. ज्या माणसाच्या एका श्वासासाठी ती जगली त्याचे डोळे गेले याचं दुःख तिला अजून झालंच नव्हतं. ते कधीतरी होईल अशी ती वाट बघत चालली होती.

मागून पावलं आली, घाईची. "सर," जुसाराचा आवाज आला, "थांबा, चष्म्याची डबी राहिली. मी येते बसपर्यंत, आकडे काय, उद्याही होतील."

सरांचा चेहरा आवाजाच्या दिशेने वळू लागला. "चला सर, बस दिसतेय," नेइवा म्हणाली आणि जराशी भरभर चालू लागली. बस अजून वळणावरही नव्हती.

"नेइवा," सर म्हणाले, "इतकं घट्ट नको धरूस. दुखतं."

"बरं, सर," ती म्हणाली. आणि हात तसाच ठेवला.